ग्वामच्या रानातला परका साप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात आम्ही पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाविषयी एक छोटे टिपण छापले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर तेथे पोहोचलेल्या एका सापाने त्या बेटावरील जवळजवळ सगळे रानपक्षी संपवले, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर मुंबईतून आणि उपनगरांतून अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. काहींनी शंका घेतली, काहींनी उपाय सुचवले, आणि सापांची विनाकारण बदनामी केल्याबद्दल काहींनी आमची कानउघाडणीही केली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : हा साप नेमका कोणता? तो आपल्याकडे आढळतो का, आणि माणसाला त्याच्यापासून कितपत धोका आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : या सापाचे शास्त्रीय नाव बोइगा इरेग्युलॅरिस असे असून तपकिरी वृक्षसर्प म्हणून तो ओळखला जातो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा उत्तर आणि पूर्व किनारा, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि इंडोनेशियाचा पूर्व भाग येथला. भारतात तो नाही. मात्र त्याच बोइगा प्रजातीतले काही साप आपल्याकडे आहेत आणि त्यांना आपण मांजऱ्या म्हणतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरच्या रानात रात्री हिंडणाऱ्यांनी मांजऱ्या पाहिला असेल. उभ्या बाहुलीचे मोठे डोळे, रुंद डोके, बारीक मान आणि लांब सडपातळ अंग ही त्याची ठेवण त्याच्या ग्वाममधल्या भावंडातही तशीच आहे.

ग्वाममधला साप साधारणपणे एक ते दोन मीटर लांब असतो; क्वचित तो तीन मीटरपर्यंतही वाढतो. तो निशाचर आहे, झाडांवर सहज वावरतो आणि त्याचे विषदंत जबड्याच्या मागच्या भागात असतात. त्याचे विष पक्ष्यांवर आणि पाली-सरड्यांवर जितके परिणामकारक ठरते तितके सस्तन प्राण्यांवर ठरत नाही, त्यामुळे मोठ्या माणसाच्या जिवाला त्याच्यापासून भीती नाही. ग्वाममध्ये झोपलेल्या तान्ह्या मुलांना मात्र त्याने दंश केल्याच्या आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आपल्याकडचा मांजऱ्या हा आपल्या रानाचा मूळ रहिवासी आहे. अंगावरच्या नक्षीमुळे लोक त्याला फुरसे समजतात आणि काठी उचलतात. ग्वामची हकिकत वाचून कोणी तसे करू नये. सोसायटीच्या आवारात साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : मुंबईच्या आसपास नाग, घोणस, धामण, अजगर असे कितीतरी साप आहेत आणि तरीही पक्षी आहेतच. मग एकाच सापाने अख्ख्या बेटावरचे पक्षी संपवले हे पटावे कसे?
– निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि सगळ्या प्रकरणाचे मर्म तिच्यातच आहे. आपल्याकडचे पक्षी आणि साप लाखो वर्षे एकमेकांच्या शेजारी राहिले आहेत. सुगरण आपला खोपा काट्यांच्या झाडाच्या टोकाला, बहुधा पाण्यावर लोंबकळता बांधते आणि त्याला खालून नळीसारखी वाट ठेवते, ती काही हौसेखातर नव्हे. झाडावर साप दिसताच कावळे, बुलबुल, दयाळ असे निरनिराळे पक्षी कलकलाट करून त्याला हैराण करतात. शिवाय सापांवर जगणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत : सर्पगरुड आहे, मुंगूस आहे, घुबडे आहेत, आणि सापच खाणारे सापही आहेत. या सगळ्यांमुळे सापांची संख्या एका मर्यादेपलीकडे जात नाही.

ग्वाममध्ये यातले काहीच नव्हते. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडे कमीच. तेथे पूर्वी साप म्हणून होता तो फक्त जमिनीत राहणारा, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खाणारा वाळा. रात्री झाडावर चढून घरट्यातली अंडी, पिल्ले आणि वर झोपलेली आईसुद्धा गिळणारा प्राणी त्या पक्ष्यांच्या पूर्वजांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळे सावध होणे, हल्ला करणे, घरटे आडवाटेला बांधणे यांपैकी कोणतीही सवय त्यांच्या अंगी आलेली नव्हती. फटाकडीच्या कुळातला तिथला ‘कोको’ हा पक्षी तर उडणेच विसरलेला होता.

उलट सापाला तेथे शत्रू नव्हता आणि अन्न अमाप होते. १९८०च्या दशकात काही भागांत त्यांची घनता एका हेक्टरला ५० ते १०० इतकी असल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता. दादरच्या शिवाजी पार्कचे मैदान सुमारे ११ हेक्टरांचे आहे. तेवढ्या जागेत पाचशे ते हजार साप, असा त्याचा हिशेब होतो. संपूर्ण बेटावर त्यांची संख्या दहा ते वीस लाखांच्या घरात असल्याचे अंदाज आजवर दिले गेले आहेत.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. भक्ष्य संपत आले की शिकारी प्राणीही उपाशी मरतो आणि उरलेल्या भक्ष्याला सावरायला उसंत मिळते, असे आपण शाळेत शिकतो. ग्वाममध्ये ही उसंत मिळाली नाही, कारण पक्षी संपत आले तरी सापाला पाली, सापसुरळ्या आणि उंदीर मिळतच राहिले. त्यांतल्या काही सापसुरळ्या, पाली आणि उंदीर हेही माणसाबरोबरच बेटावर आलेले आहेत. सापाची पिल्ले पाली-सापसुरळ्यांवर वाढतात आणि मोठी झाली की पक्ष्यांकडे व उंदरांकडे वळतात. म्हणजे एका परक्या प्राण्याने दुसऱ्या परक्या प्राण्याला पोसले आणि त्याची किंमत मूळच्या पक्ष्यांनी मोजली.

प्रश्न : साप तेथे पोहोचला कसा, आणि पक्षी सापामुळेच गेले हे कशावरून? कीटकनाशके, रोग, जंगलतोड यांचा दोष सापावर ढकलला गेला नसेल कशावरून?
– महाविद्यालयीन प्राध्यापक, विलेपार्ले

उत्तर : हाच प्रश्न ग्वाममध्येही कित्येक वर्षे विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत फार उशीर झाला होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पापुआ न्यू गिनीच्या उत्तरेकडील मानुस बेटावर मोठा लष्करी तळ उभारला होता. युद्ध संपल्यावर तिथले सामान ग्वाममार्गे हलवले गेले आणि त्याबरोबर १९४०च्या दशकाच्या अखेरीस किंवा १९५०च्या दशकाच्या आरंभी हा साप बेटावर उतरला, असे मानले जाते. पुढे झालेल्या जनुकीय तपासणीतही ग्वाममधल्या सापांचे नाते मानुसकडच्या सापांशीच जुळले, आणि मूळ आलेले साप अगदी थोडे असावेत असेही दिसले. लाखोंच्या संख्येची सुरुवात मूठभर सापांपासून झाली, ही गोष्ट बंदरांच्या कारभाऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पक्षी आधी बेटाच्या दक्षिण आणि मध्य भागातून नाहीसे होऊ लागले आणि ही ओहोटी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस उत्तर टोकाच्या कड्याखालच्या रानातच काय ते पक्षी उरले होते. याच सुमारास ज्युली सॅव्हिज या तरुण संशोधक तेथे आल्या. त्या वेळचा सर्वसाधारण संशय रोगावर होता. हवाई बेटांवर डासांमार्फत पसरलेल्या हिवतापाने पक्षी मेले होते, त्यामुळे तो संशय अवाजवीही नव्हता. डीडीटीची फवारणी युद्धानंतर ग्वाममध्ये भरपूर झाली होती, तेव्हा तिच्याकडेही बोट दाखवले जात होते. जंगलतोड, शिकार आणि वादळे हीही कारणे पुढे येत होती.

सॅव्हिज यांनी ही कारणे एकेक करून तपासली. पक्ष्यांचे रक्त तपासले, पण त्यांना मारील असा रोग सापडला नाही. कीटकनाशकांचे अंश पक्षी मरावेत इतके आढळले नाहीत. झाडी शाबूत असलेल्या रानांतूनही पक्षी गेले होते, त्यामुळे जंगलतोडीचे कारण पुरेसे ठरेना. मग त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि बेटावरच्या लोकांना, कोणत्या भागात साप प्रथम कधी दिसले, हे विचारले. सापाच्या प्रसाराचा नकाशा आणि पक्ष्यांच्या ऱ्हासाचा नकाशा शेजारी ठेवल्यावर दोन्ही एकमेकांवर बसले. साप जेथे पोहोचले, तेथले पक्षी काही वर्षांत गेले. पिंजऱ्यांत आमिष म्हणून लावे ठेवले तेव्हा पक्षी नाहीसे झालेल्या भागांत सापांनी ते झपाट्याने फस्त केले. ग्वामच्या दक्षिण किनाऱ्याला लागूनच असलेल्या, पण तेव्हा साप न पोहोचलेल्या कोकोस या छोट्या बेटावर मात्र पक्षी सुखरूप होते. रोग किंवा फवारणी हे कारण असते तर तेवढी अरुंद खाडी त्यांना अडवू शकली नसती.

हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. एखादा साप असा विध्वंस करू शकतो हे तोपर्यंत कोणी गृहीत धरलेले नसल्यामुळे अनेक तज्ज्ञांनी सुरुवातीला तो मानला नाही. आमच्या मते या प्रकरणातला खरा दोष येथे आहे. बेटाच्या दक्षिण भागातून पक्षी गेल्यानंतर पुढची दोन-तीन दशके, कारण शोधायला हवे, असे कोणाच्या फारसे मनात आले नाही. साप रात्री हिंडतो, दिवसा दिसत नाही, आणि रानातला आवाज कमी कमी होत गेला तर तो एका दिवसात कमी होत नाही. मुंबईतल्या चिमण्यांच्या बाबतीत आपण याहून फारसे वेगळे वागलेलो नाही.

ग्वामच्या रानात मूळच्या पक्ष्यांच्या १२ जाती होत्या, त्यांपैकी १० जाती तेथून नाहीशा झाल्या. माशीमाराची एक जात, जी जगात फक्त ग्वाममध्ये होती, ती कायमची नामशेष झाली. साळुंकीच्या कुळातला मायक्रोनेशियन स्टार्लिंग आणि गुहेत राहणारी पाकोळी हे दोन पक्षी थोड्या संख्येने टिकून आहेत. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांची पिल्लेही सापाच्या तडाख्यातून सुटली नाहीत.

प्रश्न : पक्षी गेल्याने बाकीच्या रानावर काय परिणाम झाला? आणि तिथल्या लोकांवर?
– वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : सर्वांत आधी नजरेत भरतात ते कोळी. कोळ्यांना आणि त्यांच्या भक्ष्याला खाणारे पक्षी नसल्यामुळे ग्वामच्या रानात जाळ्यांची दाटी झाली आहे. साप नसलेल्या रोटा, टिनियन आणि सायपान या शेजारच्या बेटांशी तुलना केली तेव्हा पावसाळ्यात ग्वाममध्ये कोळ्यांची संख्या सुमारे ४० पट आढळली. तिथल्या रानात चालणारी माणसे जाळी बाजूला सारण्यासाठी हातात काठी धरून चालतात.

याहून गंभीर गोष्ट झाडांची आहे. रानातल्या बहुतेक झाडांची फळे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. आपल्याकडे भिंतीच्या फटीत उगवणारा पिंपळ हे त्याचेच फळ. ग्वाममध्ये आता फळ पिकते आणि झाडाखालीच पडते. तेथे दाट सावली असते, किडी आणि बुरशी असते, त्यामुळे रोप जगण्याची शक्यता कमी होते. दोन जातींच्या झाडांवर केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, पक्षी नसल्यामुळे नवीन रोपे तयार होण्याचे प्रमाण ६१ ते ९२ टक्क्यांनी घटले असावे. मोठी झाडे अजून उभी आहेत, म्हणून रान हिरवे दिसते. मात्र एखादे झाड कोसळून पडलेल्या मोकळ्या जागेत नवी झाडी पूर्वीसारखी येत नाही, आणि हा परिणाम पुरता कळून यायला माणसाचे एक आयुष्य पुरणार नाही.

लोकांचे म्हणाल तर त्यांना सापाचा पहिला उपद्रव झाला तो विजेच्या रूपाने. साप खांबांवर आणि तारांवर चढतो, दोन तारांना एकदम स्पर्श करतो आणि त्याबरोबर साप आणि वीज दोन्ही जातात. गेली कित्येक दशके अशा खोळंब्यांच्या घटना वर्षाला शंभरांच्या हिशेबात मोजल्या जात आहेत. परसातल्या कोंबड्या आणि त्यांची अंडी गेली ती वेगळीच. चामोरो या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने कोको हा केवळ पक्षी नाही, तो बेटाची ओळख आहे. त्याचे चित्र तेथे जागोजागी दिसते आणि पक्षी मात्र रानात दिसत नाही, अशी पिढीच्या पिढी तेथे वाढली.

प्रश्न : ग्वाममध्ये मुंगूस सोडले तर प्रश्न सुटणार नाही का? भारतातून पाठवता येतील.
– एक वाचक, बोरिवली (याच आशयाची इतरही पत्रे)

उत्तर : कृपया नको. मुंगूस दिवसा हिंडतो आणि हा साप रात्री, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडेल. शिवाय हा प्रयोग अन्यत्र होऊन गेला आहे. १९७९ साली जपानच्या अमामी बेटावर हाबू नावाच्या विषारी सापाच्या बंदोबस्तासाठी सुमारे ३० मुंगूस सोडण्यात आले. हाबू रात्री बाहेर पडणारा असल्यामुळे मुंगसांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि जगात फक्त त्या भागातच सापडणाऱ्या काळ्या सशावर ताव मारला. मुंगसांची संख्या हजारोंवर गेली. त्यांना पकडण्यासाठी सापळे, कुत्री आणि खास पथके कामाला लावावी लागली, आणि शेवटी २०२४ साली बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जपान सरकारने जाहीर केले. हवाई बेटांवर १८८३ साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारण्यासाठी आणलेले मुंगूस आजही जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खात आहेत. तेही मूळचे आपल्याच देशातले, जमैकामार्गे गेलेले.

प्रश्न : हे साप मारण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पॅरासिटामॉल टाकतात असे वाचले. हे खरे आहे का? एक औषधविक्रेता म्हणून उत्सुकता आहे.
– परळ

उत्तर : खरे आहे. पॅरासिटामॉलमुळे या सापाच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप बदलते, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि साप मरतो. त्याला ८० मिलिग्रॅम पुरते. आपण रोज विकता त्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा सहावा हिस्साही नव्हे. हा साप मेलेले भक्ष्यही खातो, ही त्याची सवय येथे उपयोगी पडली. उंदराच्या मेलेल्या नवजात पिल्लात औषध घालून ते पिल्लू पुठ्ठ्याच्या तुकड्याला आणि लांब कागदी फितीला जोडतात आणि हेलिकॉप्टरमधून रानावर सोडतात. फीत झाडाच्या शेंड्यात अडकते आणि आमिष वरच लोंबकळते, त्यामुळे जमिनीवरच्या खेकड्यांच्या ते तोंडी लागत नाही. २०१३ साली अशी सुमारे २००० आमिषे टाकण्यात आली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी गमतीने छापली होती. पुढे आमिषे आपोआप तयार करून टाकणारी यंत्रणाही विकसित झाली.

उपाय परिणामकारक आहे, परंतु लाखो साप आणि डोंगराळ, दाट रान पाहता संपूर्ण बेट त्याने मोकळे होईल असे कोणी म्हणत नाही. मर्यादित भागाला साप ओलांडू शकणार नाही असे कुंपण घालून आतले साप आमिषाने आणि सापळ्यांनी कमी करायचे, असे धोरण सध्या आहे. कुंपण तरी कसे असावे हाही प्रश्नच होता. स्टार्लिंगच्या घरट्यांच्या पेट्या खांबावर बसवून खांबाला गुळगुळीत धातूचा जाड नळा लावला होता. साप त्यावरून चढणार नाही असा हिशेब होता. सापाने शरीराचा फास करून नळ्याला आवळले आणि इंच इंच करत तो वर गेला. सापांच्या चढण्याची ही पद्धत त्याआधी कोणाला माहीत नव्हती. २०२१ साली तिची शास्त्रीय नोंद झाली. ज्यांनी ती केली त्यांत ज्युली सॅव्हिज याही होत्या.

प्रश्न : गेलेले पक्षी परत येतील का?
– इयत्ता नववीतील वाचक, ठाणे

उत्तर : नामशेष झालेला माशीमार येणार नाही. इतर दोन पक्ष्यांसाठी मात्र वेळेवर धावपळ झाली. १९८०च्या दशकात रानातले शेवटचे कोको पकडून बंदिस्त जागी त्यांची वीण सुरू करण्यात आली आणि पुढे रोटा व कोकोस या बेटांवर ते सोडण्यात आले. २०१९ साली त्यांना ‘वन्य स्थितीत नामशेष’ या यादीतून बाहेर काढण्यात आले. कॅलिफोर्नियाच्या गिधाडानंतर, म्हणजे काँडोरनंतर, असे भाग्य लाभलेला हा दुसराच पक्षी. पण २०२० साली कोकोस बेटावरही हा साप आढळला, त्यामुळे तेथे पुन्हा धडपड सुरू करावी लागली.

दुसरा पक्षी सिहेक, म्हणजे ग्वामचा खंड्या. आपल्या खंड्यासारखा तो पाण्याकाठी बसत नाही. रानात राहून पाली आणि कीटक खातो. शेवटचे २९ पक्षी पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले आणि १९८८ नंतर तो रानात दिसला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या नऊ तरुण पक्ष्यांना पाल्मायरा या दूरच्या निर्मनुष्य प्रवाळबेटावर मोकळे सोडण्यात आले. ते त्यांचे घर नव्हे. पण तेथे साप नाही.

प्रश्न : आपल्याकडचे प्राणीही असेच दुसरीकडे जाऊन उपद्रव करतात का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : करतात, आणि यात मुंबईकरांना परिचित मंडळीच अधिक आहेत. आपला गावकावळा जहाजांबरोबर आणि काही ठिकाणी मुद्दाम नेला जाऊन पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. झांझिबारमध्ये तो १८९०च्या दशकात पोहोचला. तिथल्या लहान पक्ष्यांची घरटी लुटण्यात त्याचा हात कोणी धरत नाही, आणि केनिया सरकारने २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारण्याचा निर्णय जाहीर केला. साळुंकीचे नाव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. त्याच यादीत ग्वामचा हा सापही आहे.

सापांपैकी वर उल्लेखलेला वाळा कुंड्यांच्या मातीतून जगभर गेला आहे. त्याच्या जातीत फक्त माद्या असतात आणि एकटी मादीही वंश वाढवू शकते, त्यामुळे नव्या देशात वसाहत करायला एक कुंडी पुरते. त्याचा उपद्रव मात्र फारसा नाही. आपल्या कवड्या सापाच्या प्रजातीतली एक आग्नेय आशियाई जात १९८०च्या दशकात हिंदी महासागरातील ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पोहोचली. त्यानंतर तिथल्या मूळच्या पाली आणि सापसुरळ्या झपाट्याने नाहीशा झाल्या आणि त्यांतल्या दोन जाती आज केवळ माणसाच्या देखरेखीखाली टिकून आहेत. तेथे ग्वामइतका थेट पुरावा गोळा करायला वेळच मिळाला नाही, तरी मुख्य संशय या सापावरच आहे.

स्पेनच्या इबिझा बेटावरची गोष्ट तर अगदी अलीकडची. मुख्य भूमीवरून शोभेसाठी आणलेल्या जुन्या ऑलिव्ह वृक्षांच्या ढोलीतून साप आले आणि तिथल्या पालीवर्गीय रहिवाशांचा फडशा पाडू लागले. मुंबई आणि परिसरातल्या नव्या गृहसंकुलांत परदेशातून पूर्ण वाढलेली झाडे मुळांसकट आणून लावण्याची हौस वाढते आहे, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

प्रश्न : आपल्या बेटांवर असा धोका आहे का? आणि परदेशी साप पाळण्याबद्दल कायदा काय म्हणतो? आमच्या ओळखीतल्या एकाने घरी बॉल पायथन पाळला आहे.
– एक वाचक, वसई

उत्तर : अंदमानात ग्वामसारखा परका साप नसला तरी इतर परके प्राणी आहेत. ब्रिटिशांनी शिकारीसाठी सोडलेल्या चितळांनी तिथल्या रानातली कोवळी रोपे खाऊन पुष्कळ नुकसान केले. मुख्य भूमीवरचा मोठा बैलबेडूक गेल्या काही दशकांत तेथे पोहोचला. त्याचे बेडूकमासे स्थानिक बेडकांच्या बेडूकमाशांना खातात.

कायद्याचे म्हणाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला अजगर आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत असल्याने २०२४च्या नियमांनुसार तो बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंद करणे बंधनकारक आहे. आपल्या परिचितांनी ती केली नसेल तर वन विभागाशी बोलावे. साप मोठा झाला किंवा कंटाळा आला म्हणून तो आरे किंवा तुंगारेश्वरच्या रानात सोडणे हा मात्र मार्ग नव्हे. मुंबईतल्या तलावांत लाल कानाची अमेरिकन कासवे दिसतात ती अशीच, कंटाळलेल्या मालकांनी सोडलेली.

चोरट्या आयातीचे प्रमाणही कमी नाही. २०२५ साली मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ४७ विषारी साप सापडले, आणि त्यातले बहुतेक इंडोनेशियातले वृक्षवासी साप होते. पकडले गेले ते मोजता येतात.

प्रश्न : ग्वामला सहलीला गेलो तर हा साप दिसेल का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : दिवसा बहुधा नाही. रात्री रानाच्या कडेने, कुंपणाच्या जाळीवर विजेरी मारत हिंडलात तर दिसेल. साप पकडणारी तिथली पथके याच पद्धतीने काम करतात. विमानतळावर आणि बंदरात जॅक रसेल टेरियर जातीची लहान चपळ कुत्री माल हुंगताना दिसली तर थांबून पाहावे. बेटाबाहेर जाणारा माल त्यांच्याकडून तपासून घेतला जातो, कारण १९८० आणि १९९०च्या दशकांत हवाईत हे साप काही वेळा विमानांच्या आसपास सापडले होते. हवाईत अजून तरी ते वसलेले नाहीत.